शब्दचर्चा : 'प्राझु', 'फोरास' आणि तीन हयातींची जमीन

पाटीपेन्सिल :
वसईच्या फिरंगाणातल्या पोर्तुगीज जमीनदार घराण्यांवरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. सनदेत जमीन 'एं त्रेश व्हिदाश' दिली असं येतं. आधी मूळ माणूस, मग त्याची विधवा, मग मुलगी. 'तीन पिढ्यांचं इनाम' हे भाषांतर चालेल का? की 'जहागीर' म्हणावं? 'प्राझु' आणि 'फोरू' तसेच ठेवावेत का? आणि त्या मूळ माणसाला काय म्हणायचं, वसाहतवादी?

मोडीवाला :
पिढी नको, हयात घ्या. तुमच्याच उदाहरणात विधवा दुसरी आहे. नवरा आणि बायको या काही दोन पिढ्या नव्हेत, पण हयाती दोन झाल्या. 'व्हिदा' म्हणजे एका माणसाचं आयुष्य. ज्याच्या नावे सनद निघाली ती पहिली हयात, त्याने नेमलेला माणूस ही दुसरी, आणि दुसऱ्याने नेमलेला तिसरी. तिसरा वारला की जमीन राजाकडे परत. आपल्या दफ्तरी भाषेत 'खालसा झाली'.

पिढी आणि हयात यांत हिशेबाचा फरक मोठा पडतो. म्हाताऱ्याने म्हातारी बायको नेमली, तिने आजारी मुलगा नेमला, तर तिन्ही हयाती दहा वर्षांत संपतात. तेच पन्नाशीच्या माणसाने पाच वर्षांची मुलगी नेमली आणि तिने उतारवयात तान्ही नात नेमली, तर जमीन शंभर वर्षांहून अधिक घरात राहते. म्हणून नेमणूक थोरल्याची न होता धाकट्याची होणं हे शहाणपणाचं होतं. 'पिढी' लिहिलं की वाचकाला हे गणित कधीच दिसणार नाही.

'इनाम'ही बसत नाही. आपल्या इनाम सनदेचा सूर असतो 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने', आणि शेवटी 'दरसाल ताजे सनदेचा उजूर न करणे'. म्हणजे पुन्हा पुन्हा नवी सनद मागायची नाही. पोर्तुगीज कागदाचा सूर याच्या नेमका उलट: मोजून तीन, आणि पुढे हवी असेल तर ताजी सनद मागा. राजा बहुधा देईही, पण ती त्याची मर्जी.

सातबारा :
'प्राझु'चा पोर्तुगीज अर्थच मुळी 'मुदत'. तेव्हा तळटीप न देताही 'मुदतीची जमीन' म्हणता येईल. 'जहागीर' मात्र नको. जहागीर म्हणजे सरकारी महसूल वसूल करून खाण्याचा हक्क. इथे माणूस महसूल भरणारा आहे.

मालकी दोन पदरांत विभागलेली असते. वरचा हक्क राजाचा, खालचा कसण्याचा, विकण्याचा आणि नेमण्याचा हक्क धारकाचा. ज्यांनी सातबारा पाहिला आहे त्यांना 'भोगवटादार वर्ग २' म्हटलं की अर्ध्या वाक्यात कळतं: नाव तुमचं, पण परवानगीशिवाय हस्तांतर नाही.

धारक दरसाल जे भरतो तो 'फोरू'. याला मराठीत चांगला शब्द आहे : जुडी. इनाम जमिनीवरचा ठरीव, हलका सारा. सलग तीन वर्षं फोरू थकला की जमीन जाण्याची तरतूद जुन्या पोर्तुगीज कायद्यात होती, तेव्हा 'हलका' म्हणून विसरण्यासारखा तो नव्हता. विकताना वरच्या मालकाला द्यायची रक्कम म्हणजे 'लाउदेमियु'. तिला 'नजराणा' म्हणायचा मोह होईल, पण जपून. नजराणा आपल्याकडे वारसाकडूनही घेतात, लाउदेमियु विक्रीवर लागतो. 'विक्री-नजराणा' लिहिलंत तर घोटाळा टळेल.

पाटीपेन्सिल :
मग मुंबईतला 'फोरास रोड' याच फोरूतला का? तिथे जंगल होतं म्हणून 'फॉरेस्ट' असं ऐकलं आहे.

सातबारा :
जंगलाचा संबंध नाही, उलट तिथे चिखल होता. समुद्राचं पाणी बांध घालून अडवलं आणि खाली जी जमीन निघाली तिला फोरास जमीन म्हणत. इंग्रजी कागदांत तिचं दुसरं नाव 'सॉल्ट बट्टी ग्राउंड'. हे 'बट्टी' म्हणजे आपलं भात. कोकणात अशा जमिनीला आपण खाजण म्हणतो. ज्या 'वेलार्ड'ने पाणी अडलं तो शब्दही बहुधा पोर्तुगीज 'व्हालादु', म्हणजे बांध, यावरून आलेला.

कंपनीच्या संचालकांनी १७०३ मध्ये परवानगी दिली की जो जमीन उपसून काढेल त्याला काही वर्षं सारामाफी, नंतर हलका सारा. मराठी मुलखात याच पद्धतीला कौल किंवा इस्तावा म्हणत. पण बांधाची डागडुजी करायला कोणी पुढे येईना, म्हणून सरकारने स्वतः खर्च केला आणि मग जमीन आमची की तुमची यावर पुढे भांडणं चालली. १८५१ च्या सहाव्या कायद्याने ती मिटवली, त्यासाठी नेमलेल्या आयोगाचं काम १८५३ च्या ऑक्टोबरात संपलं.

फोर्टकडून या जमिनींतून जाणारे सगळेच रस्ते आधी 'फोरास रोड' होते. नंतर त्यांना बेलासिस, फॉकलंड, डंकन अशी नावं मिळाली. एकोणिसाव्या शतकात एका रस्त्याचं नाव 'कामाठीपुरा फॉरेस्ट रोड' असं नोंदलेलं सापडतं. 'फोरास'चा अर्थ विसरला आणि साहेबाच्या कानाला जंगल ऐकू आलं, तो हा पुरावा. काही जण 'फोरा' म्हणजे 'बाहेर' अशीही फोड करतात, कोटाबाहेरची जमीन म्हणून. ऐकायला बरी आहे, पण सारा या अर्थाच्या 'फोरू'चं अनेकवचन हीच व्युत्पत्ती जमिनीच्या प्रकाराशी जुळते.

दर्यावर्दी :
मुंबई बेटच फोरूवर दिलेलं होतं की. १५३४ च्या तहात गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या हाताखालची बेटं सोडली. पुढे साधारण १५५४ मध्ये मुंबई वैद्य गार्सिया द ओर्ता याला वार्षिक फोरूवर मिळाली. माझगाव १५७२ मध्ये सौझा ई लिमा घराण्याकडे कायमचं गेलं. हयातींची सनद आणि कायमची सनद हे दोन वेगळे प्रकार. भाषांतरात दोन्हीला एकच शब्द वापरला तर मूळ कागदातला तंटाच कळणार नाही.

आणि १८ फेब्रुवारी १६६५ रोजी इंग्रजांचा अधिकारी हंफ्री कुक मुंबईचा ताबा घेतो तो दोना इग्नेस द मिरांदा हिच्या वाड्यात. ही दों रोद्रिगु द मोंसांतो याची विधवा. पोर्तुगीज तिला 'सिन्योरा द इल्या' म्हणत. 'बेटाची मालकीण' पेक्षा 'बेटाची धनीण' बरं, कारण मालकी वरच्या पदरात होती. राजाने वरचा पदर हुंड्याच्या तहात इंग्रजांना दिला, खालचा पदर बाईकडे तसाच. पुढची कितीतरी वर्षं इंग्रज आणि हे जुने धारक भांडत राहिले. १६७२ मध्ये मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने तडजोड केली, ती १६७४ मध्ये पक्की झाली: धारकांनी मिळून दरसाल २०,००० शेराफिन (पोर्तुगीज नाणं) भरायचे, त्यांच्या जमिनी त्यांच्याकडे. मुंबईच्या जमीनदफ्तरात 'पेन्शन अँड टॅक्स' नावाचा धारणाप्रकार यातूनच आला. इथलं 'पेन्शन' म्हणजे निवृत्तिवेतन नव्हे, पोर्तुगीज 'पेन्सांव', म्हणजे ठरीव देणं. एका अनुवादात 'निवृत्तिवेतन व कर जमीन' छापलेलं पाहून हसावं की रडावं कळेना.

मोडीवाला :
'फझेंदार'ही त्याच घरातला. 'फझेंदा' म्हणजे इस्टेट, त्याला आपला '-दार' लागला. मुंबईत फझेंदारी म्हणजे जमीन एकाची, इमला दुसऱ्याचा, आणि इमलेवाला जमीनभाडं भरणार. हे भाडं कायमचं की वाढवता येणारं यावर कोर्टात पुष्कळ शाई गेली.

मूळ माणसाबद्दल: 'वसाहतवादी' ही विचारसरणी झाली. घरदार करून राहिलेल्याला 'वसाहतकार' म्हणा. नुसतं 'वसाहतवाला' नको, मराठी वाचकाला एमआयडीसी आठवते. पोर्तुगीजांचा आपला शब्द 'कझादु', शब्दशः 'लग्न झालेला'. शिपाईगिरी सोडून लग्न केलं, स्थायिक झाला, म्हणून. वारशाच्या चर्चेत हाच शब्द ठेवावा, कारण इथे लग्न हाच जमिनीचा दरवाजा आहे. राजाच्या आश्रयाने गोव्यात पाठवलेल्या अनाथ मुलींना हुंडा म्हणून उत्तरेकडची (वसई भागातली) गावं किंवा हुद्दे देत. अट एकच, पोर्तुगीजाशी लग्न.

दर्यावर्दी :
ती अट आफ्रिकेतल्या झांबेझी नदीच्या खोऱ्यात जाऊन पक्की रूढ झाली. मोझांबिकमधले 'प्राझु' तीन हयातींचे, पण बाईच्या अंगाने: आई, मुलगी, नात. नवरा कारभार पाही, नाव 'दोना'चं, म्हणजे बाईचं. गोऱ्या वसाहतकारांची संख्या टिकावी हा राजाचा हेतू. फसलं ते असं की तापाने नवरे पटापट मरत, विधवा पुन्हा लग्न करी, आणि एकेका दोनाकडे दोन-तीन प्राझु साठत. कागदावरची मर्यादा तीन लीगांची, लीग म्हणजे साधारण सहा किलोमीटर. प्रत्यक्षात एकेक प्राझु एखाद्या जिल्ह्याएवढा.

या धारकांत गोव्याचे लोक बरेच. म्हापशात १८३५ साली जन्मलेला मानुएल आंतोनियु द सौझा, 'गोव्हैया', काकाची मिळकत बघायला म्हणून गेला आणि स्वतःची फौज बाळगणारा सरदार झाला, १८९२ मध्ये मेला. त्याच भागातल्या माकांगाच्या परेरा घराण्याचा मूळ पुरुष गोंसालु कायतानु परेरा हाही गोव्याचाच. त्या घराण्यात तीन हयाती वगैरे राहिल्याच नाहीत, पुढची माणसं तिथल्या राजांसारखी गादीवर बसत. म्हणून 'वारसा' शब्द झांबेझीला सरसकट लावू नका. सनदेपुरता 'नेमणूक', परेरांसाठी 'गादी'.

पाटीपेन्सिल :
गोव्यात अजून 'आफ्रामेंत जमीन' म्हणतात, ती हीच का? आणि तिथे एकाच वारसाला जाते की सगळ्यांना?

सातबारा :
मूळ तेच, 'आफोरामेंतु' म्हणजे फोरूवर देणं. पण १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने नवे हयातींचे करार बंद केले आणि जुने वंशपरंपरेचे झाले. ही संहिता समुद्रापलीकडच्या मुलखात १ जुलै १८७० पासून लागू. तेव्हा आजच्या आफ्रामेंतला 'तीन हयाती' चिकटवू नका.

वाटणीत जमीन तोडायची नाही, किंमत तोडायची. मानलेला आकडा घ्या. नवरा-बायकोची एकत्र मिळकत ६० लाख, मुलं तीन, मृत्युपत्र नाही. आधी निम्मी, ३० लाख, विधवेची. हा वारसा नव्हे, तिचा स्वतःचा अर्धा वाटा. उरलेले ३० लाख मुलगा-मुलगी भेद न करता तिघांत, प्रत्येकी १०. आफ्रामेंतचा भोगवटा १८ लाखांचा आणि तो एका मुलीने घेतला, तर तिच्याकडे ८ लाख जास्त गेले, तिने दोघा भावांना ४-४ लाख द्यायचे. कोणी घ्यायचं यावर एकमत नसेल तर वारसांतच बोली लागते, तिला 'लिसितासांव' म्हणतात. 'लिलाव' लिहिलं तर बाहेरचा माणूसही बोली लावू शकतो असं वाटतं, म्हणून 'वारसबोली' हा शब्द सुचवतो.

नेहमीची चूक म्हणजे विधवेला चौथा वारस धरून ६० भागिले ४ करणं. दुसरी, मृत्युपत्राने सगळं एकाला देता येतं असं समजणं. आधी फक्त तिसरा हिस्सा मर्जीने देता येई, १९१० पासून निम्मा.

मोडीवाला :
'वारसबोली' आवडला. मात्र पाटीपेन्सिलच्या मजकुरातली माणसं १७३९ आधीची आहेत. त्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि राजाचा वरचा पदरच मराठ्यांकडे आला. ज्यांची दुसरी हयात चालू होती त्यांची तिसरी कोण मानणार? अशा ठिकाणी 'वारसा संपला' लिहू नका. 'सनद निकामी झाली' लिहा, वारस तर जिवंत होते.