पुढचा साईड शाफ्ट बसवला, पण हबचा नट नेमका किती आवळायचा?

सीनाकाठचा_पिकअप:
नमस्कार मंडळी. गाडी जुनी डबल कॅब पिकअप, फोर बाय फोर, पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन. शेत सीनेच्या काठाला, रान सगळं काळं. पाऊस पडला की चाकं चिखलाने बरबटून दुप्पट होतात, फोर व्हील लावल्याशिवाय बांधाबाहेर पडता येत नाही. असंच एकदा स्टेअरिंगला फुल कट मारून गाडी बाहेर काढली आणि उजवीकडून कट-कट-कट सुरू झालं. वाकून बघितलं तर बाहेरचा रबर बूट फाटलेला, ग्रीस सगळं रिमच्या आतून फेकलेलं, आणि बुटात ग्रीसऐवजी आमचंच रान भरलेलं.

नवा साईड शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा, आणून ओळखीच्या मेस्त्रींकडून बसवला. माणूस जुना, हात चांगला. पण दोन गोष्टी डोक्यातून जाईनात. त्यांनी हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचा, मोठा नट आवळला, मग पाव फेरा मागे घेऊन स्प्लिट पिन घातली. म्हणाले, "बेअरिंगला श्वास घ्यायला जागा पायजे मालक, लई आवळलं की जळतंय." इकडे नेटवर बघावं तर लोक पान्याला पाइप लावून आवळतायत. दुसरं म्हणजे, डिफरेन्शियलकडचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) शाफ्टच्या आतल्या जॉइंटचा कप डाव्या बाजूला चिकटून बसलाय, उजव्या बाजूला मात्र पेन्सिल जाईल एवढी फट आहे. तिथून ऑइलही पाझरतंय. "चालवली की बसेल" म्हणे.

शनिवारी घरच्यांना घेऊन तुळजापूरला जायचंय. जाऊ का?

रिटायर_फिटर:
या गाडीने नका जाऊ.

मेस्त्रींना नावं ठेवू नका. त्यांचा हात जुन्या जीपवर बसलेला आहे, माझाही तिथेच बसला. त्या हबमध्ये टेपर रोलर बेअरिंगच्या दोन जोड्या असतात. नट आवळायचा, चाक फिरवायचं, थोडा मागे घ्यायचा, म्हणजे रोलरना हवी तेवढी मोकळीक मिळते. तिथे ते बरोबरच आहे. तुमच्या गाडीत बेअरिंग अखंड युनिट असणार. आतली रिंग दोन अर्ध्यांत असते आणि मोकळीक कारखान्यातच ठरवलेली असते. नटाचं काम त्या दोन अर्ध्या रिंगा एकमेकींवर घट्ट दाबून धरायचं. नट सैल राहिला की त्या विलग व्हायला लागतात, रिंग शाफ्टवर सरकते, आणि थोड्याच दिवसांत चाकातून घुर्रर्र ऐकू येतं. म्हणजे इथे मागे घेतल्यानेच बेअरिंग जळतं.

ओळखायचं कसं? नट कशावर बसलाय ते बघा. जुन्या जीपमध्ये तो पोकळ स्पिंडलवर असतो आणि शाफ्ट त्यातून आरपार जातो. नट थेट शाफ्टच्याच आट्यांवर असेल तर पाव फेरा विसरा.

आता फट. शाफ्टच्या आतल्या टोकाच्या खाचेत एक सर्क्लिप (तोंड उघडी असलेली तारेची रिंग) असते, ती डिफरेन्शियलमध्ये जाऊन अडकली नाही. ती चालवून बसत नाही, उलट खड्ड्यात शाफ्ट आणखी बाहेर येतो. परत काढा. सर्क्लिप नवी घ्या, तोंड खाली ठेवा आणि ग्रीस लावून खाचेत मधोमध चिकटवा. शाफ्ट आडवा सरळ धरा, दुसऱ्या माणसाने बाहेरचं टोक उचलून धरायचं, नाहीतर शाफ्टच्या टोकाचे दातरे ऑइल सीलच्या (ऑइल अडवणारी रबरी रिंग) ओठावर घासतात. तुमचं ऑइल त्यामुळेच पाझरतंय असं वाटतं. सील नवं टाका, काढायच्या आधी गिअर ऑइल उतरवा. मग एक जोरदार धक्का. टक असा आवाज येतो आणि हाताला कळतं. खात्रीसाठी कप धरून ओढा, मधला दांडा धरून नाही. दांडा ओढला की आतल्या जॉइंटचे रोलर बुटातल्या बुटात निसटतात आणि नवा खेळ सुरू.

डाळिंबवाला_सांगोला:
काकांनी नट किती जोराने आवळायचा तो आकडा (टॉर्क) सांगितला नाही म्हणून सांगतो. अशा पिकअपना साधारण २०० ते ३५० न्यूटन-मीटर असतो, नेमका तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच बघा. आणि टॉर्क पान्यावरचं (ठरवलेल्या जोराला खटकणारा पाना) एकक आधी वाचा! मी २४० न्यूटन-मीटरच्या जागी २४० फूट-पाउंड लावले, म्हणजे जवळपास ३२५ न्यूटन-मीटर. आटे गेले नाहीत हे नशीब.

रात्रीची_ट्रिप:
टॉर्क पाना कशाला, एअर गनने दोन वेळा टर्रर्र केलं की झालं की.

रिटायर_फिटर:
गन सोडवायला वापरा. आवळताना ती किती आवळते ते तिलाही माहीत नसतं. पाना नसेल तर हिशेब करा: ७० किलोचा माणूस आडव्या दांड्यावर नटापासून ३५ सेंटिमीटरवर उभा राहिला तर २४० न्यूटन-मीटरच्या आसपास होतात. हा अडीअडचणीचा उपाय, रोजचा नाही. नट आवळेपर्यंत चाकावर गाडीचं वजन टाकू नका, कुणालातरी ब्रेक दाबून बसवा. पिनचं भोक जुळलं नाही तर वरची टोपी फिरवून बघा. टोपी नसेल, खाचांचा नट असेल, तर थोडा पुढे आवळा, मागे कधीच नाही. पिन नवी.

सीनाकाठचा_पिकअप:
उशिरा लिहितोय. तुळजापूरला एसटीने गेलो, घरच्यांची बोलणी खाल्ली. सील सोमवारी मिळालं. नट शाफ्टवरच होता. जुनी सर्क्लिप काढली तर एका बाजूला वाकून चपटी झालेली. मेस्त्रींना बोलावूनच काम केलं, पुतण्या ब्रेकवर. दोन धक्के वाया गेले, तिसऱ्याला टक वाजलं. फट गेली. मॅन्युअलच्या आकड्यावर पाना खटकला तेव्हा मेस्त्री म्हणाले, "एवढं?" मग पाना हातात घेऊन स्वतः परत एकदा लावून बघितला, आणि आकडा खडूने शटरवर लिहून ठेवला.

चाक वर उचलून १२ आणि ६ वाजता धरून हलवलं, खेळ नाही. पण आधी पाव फेरा सैल नटावर शेतापर्यंत चार-पाच खेपा झाल्यात. काका, बेअरिंग आत्ताच बदलू की आवाज येईपर्यंत थांबू?

रिटायर_फिटर:
थांबा. महिन्याभराने परत उचला, चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवा. खरखर असेल तर ती आधी तिथे लागते, कानाला नंतर.