सोप्या म्हणवणाऱ्या भाज्या-फळांच्या पाककृती (पाकृ): तुमचं काय झालं?

'५ मिनिटांत तयार', 'याला काही लागतच नाही' असल्या पाकृंनी माझ्या ओट्यावर जेवढा पसारा घातलाय तेवढा कुठल्या अवघड पदार्थाने घातला नाही. परवा लाल कोबीने घात केला. नुसती परतायची भाजी हो, पण रंग छान रहावा म्हणून चिमूटभर खायचा सोडा टाकला, हिरव्या भाज्यांना टाकतात असं कुठेतरी डोक्यात होतं. बघता बघता कढईत निळसर-हिरवं काहीतरी, घरात कोणी ताटात घेईना. मग कळलं की त्या जांभळ्या रंगाचं तसंच असतं, सोड्याने निळा-हिरवा आणि आंबटाने गुलाबी. लिंबू पिळलं तर खरंच डोळ्यांदेखत रंग पालटला, मुलं बघायला धावली, खाल्ली मात्र मी एकटीनेच. तर येऊ द्या तुमचेही, जमलेले-फसलेले दोन्ही. भारी काही नको, साध्या भाज्या आणि फळं.

---

एकटा रहायला लागलो तेव्हाची माझी पहिली भाजी म्हणजे भेंडी. आईला फोन केला तर म्हणाली, चिरायची आणि परतायची, झालं. धुवायची कधी ते सांगितलं नाही, तिच्या दृष्टीने ती सांगायची गोष्टच नव्हती! मी आधी चिरली, मग चाळणीत घालून नळाखाली धरली, वर लवकर शिजावी म्हणून झाकण, मीठ पण सुरुवातीलाच. उलथनं वर उचललं की तारा, थेट कढईपासून माझ्या नाकापर्यंत. आता अख्खी धुतो, एकेक पुसतो (हो, एकेक, कंटाळवाणं आहे पण इलाज नाही), मग चिरतो, पसरट तव्यावर झाकण न ठेवता परततो आणि मीठ अगदी शेवटी. मीठ आधी पडलं की पाणी सुटतं आणि पाणी आलं की चिकटपणा आलाच.

---

नाकापर्यंत तारा, हसून हसून पुरेवाट! पुसायचा कंटाळा असेल तर आदल्या रात्री धुवून फडक्यावर पसरून ठेवा, सकाळी कोरडी मिळते. आणि शेवटी थोडं लिंबू.

---

माझं फळांचं दुखणं आहे. ताज्या अननसाचे तुकडे घालून जेली करायला घेतली, जिलेटिन पाकिटावर दिलंय तेवढंच मोजून घातलं, रात्रभर फ्रीजमध्ये, सकाळी बघते तर सरबत. परत केली, जिलेटिन दुप्पट, परत सरबत. पाहुण्यांना ग्लासातूनच दिलं, काय करणार. नंतर समजलं की ताज्या, न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते जिलेटिनमधलं प्रोटीन तोडतं, त्यामुळे कितीही ओता, सेट होणारच नाही. तुकडे आधी उकळून घेतले किंवा डब्यातलं अननस वापरलं तर होते, कारण उष्णतेने ते एन्झाइम मरतं. किवी आणि पपईचं पण हेच. मी आता चायना ग्रासच वापरते, ते समुद्री शेवाळाचं, त्यात प्रोटीनचा प्रश्नच नाही.

---

अरे देवा, म्हणून माझा पपईचा मिल्कशेक कडू झाला होता का? सकाळी करून ठेवला, संध्याकाळी तोंडात धरवेना. मी बिचाऱ्या दुधावर आळ घेतला.

---

हो ताई, ताजा केला की लगेच पिऊन टाकायचा, ठेवायचा नाही.

---

बटाटा-टोमॅटोच्या भाजीचं कोणाला असं होतं का? टोमॅटो मऊ करून त्यात कच्चे बटाटे टाकले, पाऊण तास झाला तरी फोडी मध्ये करकरीतच. गॅस, पातेलं, बटाटे सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. सासूबाईंनी एका वाक्यात निकाल लावला, 'आंबट आधी पडलं की बटाटा शिजत नाही गं.' आता बटाटे शिजत आले की मगच टोमॅटो. इतकं साधं, पण मी वाचलेल्या एकाही पाकृत नव्हतं.

---

कांदा 'सोनेरी होईपर्यंत ५ मिनिटे परता' लिहिणाऱ्यांना माझ्या घरी बोलवा. खमंग गडद तांबूस हवा तर मंद आचेवर ४० मिनिटं तरी जातात. बाकी काही नाही, एवढंच बोलायचं होतं.

---

एक जमलेला पण लिहिते, नाहीतर नुसतं रडगाणं होईल. सालावर काळे ठिपके आलेली पिकलेली केळी, चकत्या करून डब्यात भरून फ्रीझरमध्ये रात्रभर, दुसऱ्या दिवशी मिक्सरमधून फिरवली की अगदी मऊसूत आइस्क्रीम, साखर नाही, क्रीम नाही. सुरुवातीला भुगा दिसतो, घाबरू नका, मध्ये थांबून चमच्याने खाली ढकलत रहा, एकदम गुळगुळीत होतं. नवऱ्याला इतकं आवडलं की मी बाहेरगावी गेले तेव्हा त्याने स्वतः करायचं ठरवलं, डझनभर केळी फ्रीझरमध्ये टाकली आणि रात्री मला फोन, 'सुरी चालेना गं, काय करू?' सालासकट टाकली होती.