मदत हवी आहे: दीर्घिकेच्या केंद्रात कृष्णविवरच आहे, हे गुरुत्वीय लहरींवरून कसं ठरवणार?

नमस्कार मंडळी,

पदवीपर्यंत भौतिकशास्त्र होतं, पुढे पोटापाण्याने वेगळीकडे नेलं. सध्या लिसाबद्दल (गुरुत्वीय लहरी टिपणारी, अंतराळात जाणार असलेली वेधशाळा) वाचतोय आणि एका जागी अडलोय.

आपल्या आकाशगंगेच्या केंद्रात, सॅजिटेरियस ए* मध्ये, सूर्याच्या सुमारे ४३ लाख पट वस्तुमान आहे, हे एस२ ताऱ्याच्या १६ वर्षांच्या कक्षेवरून कळलं. पण २०१८ मध्ये हा तारा सर्वांत जवळ आला, तेव्हाही तो श्वार्झशिल्ड त्रिज्येच्या (एवढ्या वस्तुमानाच्या, न फिरणाऱ्या कृष्णविवराची त्रिज्या) साधारण १४०० पट लांब होता. एवढ्या लांबून वस्तुमान कळतं, आतला ऐवज नाही. २०२२ चं इव्हेंट होरायझन दुर्बिणीचं चित्र खूपच आत जातं, तरी बोसॉन ताऱ्यासारखे (बोसॉन कणांचा, क्षितिज नसलेला काल्पनिक घन गोळा) पर्याय लोक मांडतातच.

लिसाची वाट वेगळी. दहा-वीस सूर्यांएवढं छोटं कृष्णविवर अशा महाकाय वस्तूभोवती घिरट्या घालत आत पडतं, त्याच्या लहरी ऐकायच्या. मी ४३ लाखांसाठी, फिरकी शून्य धरून, शेवटच्या स्थिर कक्षेचा (जिच्या आत गेलं की पडणं अटळ) हिशोब केला: एका फेरीला साधारण ३३ मिनिटं, आणि एका फेरीत लहरीची दोन आवर्तनं, म्हणजे लहर एक मिलीहर्ट्झच्या आसपास. हे जमिनीवरच्या लायगो वेधशाळेच्या आवाक्यातलं नाही (आपल्या हिंगोलीतल्या लायगो-इंडियाच्याही नाही). लिसाला २५ लाख किलोमीटरच्या भुजा कशाला, ते इथे उमगलं.

आता अडचण. केर कृष्णविवराचा (म्हणजे फिरणाऱ्या कृष्णविवराचा) क्वाड्रुपोल, म्हणजे त्याच्या आकाराच्या चपटेपणाचं माप, फक्त वस्तुमान आणि फिरकीवरून ठरतो. तिन्ही राशी लहरींतून वेगवेगळ्या काढायच्या आणि जुळतात का बघायचं. भौतिकशास्त्रज्ञ रायनने १९९५ मध्ये मांडलेली कल्पना. पण भोवती वायूची चकती असली तर तिच्या ओढीनेही लहरीची फेज (चढउतारांची वेळ) सरकणार. मग सरकलेली फेज वायूमुळे की त्या वस्तूमुळे, हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद १
फेज किती सरकली यापेक्षा कोणत्या वारंवारतेला सरकली ते बघा. वायूची ओढ लांबच्या कक्षेत जाणवते. आत येता येता लहरींतून जाणारी ऊर्जा इतकी वाढते की ती ओढ किरकोळ ठरते. क्वाड्रुपोलचं नेमकं उलट, जवळ गेल्यावरच जोर. शिवाय चकती प्रत्येक दीर्घिकेत सारखी नसते. केरपासूनचा फरक सगळीकडे एकाच नियमाने दिसला, तर वायूला दोष देता येणार नाही.

धागाकर्ता
हे पटलं, आभार! आणि क्षितिजच (जिथून काहीच परत येत नाही ती कृष्णविवराची सीमा) नसेल तर?

प्रतिसाद १
मग शेवट बघायचा. कृष्णविवर असेल तर स्थिर कक्षा संपताच सिग्नल झपाट्याने विझतो. बोसॉन ताऱ्याला कठीण पृष्ठभाग नसतो, त्यामुळे छोटं कृष्णविवर आत शिरूनही फिरत राहील आणि लहरी येतच राहतील. लिसाचं उड्डाण २०३५ च्या सुमारास ठरलंय, तोवर गणितं करायला भरपूर वेळ आहे.