सागवानी तुळईला बाक आलाय, चॅनल मारावं का? (ठाणे, चरई)

माडीवाला_चरई
आजोबांच्या वेळचं एकमजली घर. माडीच्या जमिनीखालची सागवानी तुळई मधोमध खाली आलीय, लांबीत भेगही आहे. फॅब्रिकेटर म्हणतो, दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनल मारून बोल्ट आवळू, विषय संपला. वर शेणाची जमीन होती, बाबांनी कोबा घालून लाद्या बसवल्या. करून टाकू का?

तलावपाळी
आधी स्ट्रक्चरल ऑडिट. 30 वर्षांपुढच्या इमारतीला ते कायद्यानंच लागतं. सी-1 (अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची) शेरा आला तर चॅनलचे पैसे पाण्यात.

जुना_सुपरवायझर
ऑडिट हवंच. पण फॅब्रिकेटरला तुळईची टोकं बघितलीस का विचारा. बघितली नसणार!

लांबीतली भेग बहुतेक वेळा लाकूड सुकताना पडते, तिचं एवढं काही नाही. मधोमध, खालच्या अंगाला, लाकडाच्या रेषा तोडून आडवी गेलेली भेग दिसली तर मात्र वर कोणाला झोपू देऊ नका. खरं दुखणं भिंतीत गेलेल्या टोकाला. तिथं ओल मुरते, मग बुरशी, वाळवी. बाहेरून पॉलिश चकाचक. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. ओलावा 20 टक्क्यांच्या वर राहिला की लाकूड कुजायच्या वाटेला लागतं.

टोक गेलं असेल तर मधल्यामध्ये मारलेलं चॅनल नुसती शोभा, वर त्याचंच वजन. चॅनल भिंतीपर्यंत नेऊन बेडब्लॉकवर (भिंतीत बसवलेला काँक्रीटचा ठोकळा) टेकवायचं. आणि टोकाभोवती सिमेंट गच्च भरू देऊ नका, हवेला फट ठेवा.

कोबा एक इंच म्हटला तरी चौरस मीटरला 50-60 किलो. बाबांनी किती इंच घातलाय?

बाक वाढतोय का, ते दोरीनं कळतं. दोन टोकांना खिळे, मध्ये ताणून नायलॉनची दोरी, मधोमध दोरी आणि तुळई यांतलं अंतर मिलिमीटरमध्ये तुळईवरच पेन्सिलीनं तारखेसकट लिहा. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा.

माडीवाला_चरई
कोबा तीन इंच. मोरीकडच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. खाली भाडेकरूचं किराणा दुकान आहे.

जुना_सुपरवायझर
मग चॅनल राहू द्या, आजच टेकू लावा आणि मोरी बंद करा. टेकू त्या टोकाजवळ, दुकानातल्या लादीवर नाही, लादी काढून खाली पक्क्या जमिनीवर जाड फळी टाकून. जॅकनं फक्त टेकवा, बाक सरळ करायला जाऊ नका, वरच्या भिंती तडकतील. दुकानदार कुरकुरेल. त्याला तो स्क्रूड्रायव्हर स्वतःच्या हातानं टोचायला द्या.