'सुधारित' आणि 'संकरित' : ज्वारी-बाजरीच्या वाणांसाठी कोणता शब्द कुठे?

प्रश्न (अमळनेर) :
बाजरीच्या पैदासशास्त्रावरचा एक लेख खानदेशातल्या शेतकऱ्यांसाठी मराठीत लिहायचा आहे. छापील साहित्यात 'सुधारित' आणि 'संकरित' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. गावात खरिपाच्या ज्वारीला सरसकट 'हायब्रीड' म्हणतात आणि रब्बीच्या ज्वारीला 'दादर'. नरवंध्य, पुनर्स्थापक, पश्चसंकर हे शब्दही अडतात. ते तसेच ठेवावेत का?

धुळे :
'सुधारित' हा मोठा शब्द, 'संकरित' त्याच्या पोटातला. पैदासकाराने निवडून वा संकर करून आधीच्यापेक्षा सरस केलेला कोणताही वाण सुधारित. त्यात दोन प्रकार : सरळ वाण, म्हणजे ज्याचं बी राखून पेरलं तरी पीक तसंच येतं; आणि संकरित वाण, म्हणजे दोन वेगळ्या जनकांच्या संकराचं पहिल्या पिढीचं बी. २०१२ साली महाराष्ट्रासाठी आलेली, लोहाचं प्रमाण जास्त असलेली 'धनशक्ती' बाजरी सरळ वाण आहे. तिचा मूळ वाण आयसीटीपी ८२०३, आणि त्याचं मूळ आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या स्थानिक बाजरीत. धुळ्याच्या बाजरी संशोधन केंद्राची 'आदिशक्ती' मात्र संकरित. दोन्ही सुधारितच.

लेखात नुसतं 'सुधारित बियाणे' लिहू नका, कारण घरचं बी पुढच्या वर्षी पेरायचं की नाही ते या भेदावर ठरतं. संकरिताचं बी राखून पेरलं तर दुसऱ्या पिढीत झाडं उंच-बुटकी होतात, निसवण (कणीस बाहेर पडणं) पुढे-मागे होते, संकरामुळे आलेला जोम साधारण निम्म्यावर येतो. नरवंध्य, म्हणजे पराग निकामी असलेल्या, मादीपासून केलेला संकर असेल तर त्या पिढीत काही कणसांत परागच नसतात. अशी फुलं परागाची वाट पाहत जास्त वेळ उघडी राहतात आणि अरगट हा कणसाचा बुरशीजन्य रोग तिथूनच शिरतो.

सरळ वाणाचं बी राखता येतं, पण बाजरीत दोन-चार टपोरी कणसं निवडून नव्हे. बाजरी परपरागी आहे, म्हणजे तिचा दाणा बहुधा दुसऱ्या झाडाच्या परागाने धरतो. थोड्या झाडांचं बी पुढे नेलं की वाण खुरटत जातो. शेताच्या मधल्या भागातून काहीशे कणसं घेऊन त्यांचं एकत्र बी करावं. गव्हाला ही अडचण नाही, तो जवळजवळ पूर्ण स्वपरागी आहे.

शहादा :
'दादर'बद्दल. तो एक नेमका वाण नाही. तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत, पावसाळा संपता संपता पेरून जमिनीतल्या ओलीवर काढायच्या रब्बी ज्वारीचं ते इथलं नाव. शास्त्राच्या भाषेत हा 'स्थानिक वाण', म्हणजे एकाच शेतात थोडी थोडी वेगळी झाडं. पैदासकाराला हाच फरक हवा असतो. चांगली कणसं वेगवेगळी खुडायची, प्रत्येक कणसाचं बी स्वतंत्र ओळीत पेरायचं आणि सरस ओळी पुढे न्यायच्या, याला 'निवड' म्हणावं. मोहोळची मालदांडी ३५-१ अशीच स्थानिक ज्वारीतून निवडली, तिच्यात संकर नाही. 'हायब्रीड' हा शब्द १९६४ च्या सीएसएच-१ या संकरित ज्वारीनंतर रुळला. तो ठेवायला हरकत नाही, पण खरिपाच्या सरळ वाणाला हायब्रीड म्हणणं चूकच आहे आणि लेखात ते स्पष्ट सांगा.

चोपडा :
'नरवंध्य' ठेवा. त्याऐवजी 'वांझ' मुळीच नको. आपल्याकडे वांझ कणीस म्हणजे दाणे न भरलेलं. नरवंध्य झाडाचे फक्त पराग निकामी असतात. बाहेरून पराग मिळाले की कणीस गच्च भरतं. म्हणूनच बिजोत्पादनात ते मादी म्हणून चालतं, नाहीतर ज्वारीच्या प्रत्येक फुलातले तीन परागकोश चिमट्याने काढत बसावं लागेल. प्रयोगशेतात थोड्या कणसांना ते जमतं, एकरांना नाही.

नरवंध्य ओळीला (ओळ म्हणजे इथे एकसारख्या झाडांचा वंश) 'ए', तिला तशीच टिकवून धरणारी 'बी' आणि संकरात पराग पुन्हा चालू करणारी 'आर', ही नावं बिजोत्पादकांच्या तोंडात आहेत. 'पुनर्स्थापक' एकदा लिहून पुढे 'आर ओळ' म्हणा.

तुमच्या यादीत नसलेला एक शब्द घाला : 'निसवण जुळणे'. मादीची कणसं फुलात आली आणि नर अजून पोटरीत (कणीस पानाच्या आवरणातच) असला, तर प्लॉट फसला. दोन्ही जनकांचे फुलोऱ्याचे दिवस वेगळे असतील तर उशिरा येणारा आधी पेरतात. तरी फरक दिसला तर मागे पडलेल्या ओळींवर १ टक्का युरिया, म्हणजे १० लिटर पाण्याला १०० ग्रॅम फवारतात, आणि पुढे गेलेल्या ओळींचं पाणी लांबवतात. पोटरी येण्याआधी हे केलं तर उपयोग, फुलोऱ्यात केलं तर नाही.

मांडणी साधारण चार ओळी मादी, दोन नर, आणि चहूबाजूंनी नराच्या ओळी. दुसऱ्या ज्वारीपासून विलगीकरण, म्हणजे राखायचं अंतर, २०० मीटर. मादी ओळीत पराग सांडणारी झाडं निघतात, त्यांना 'शेडर' म्हणतात. ती फुलोऱ्यात रोज सकाळी उपटावी लागतात. याला 'भेसळ काढणे' हा शब्द चांगला रुळलेला आहे. काढणीला नर ओळी आधी, आणि त्यांचं खळं वेगळं.

धुळे :
'पश्चसंकर' ठेवा, पण एका वाक्यात फोड करा : संकराच्या संततीचा पुन्हा त्याच मूळ वाणाशी, पिढ्यानपिढ्या केलेला संकर. पहिल्या संकरात मूळ वाणाचा वाटा ५० टक्के, मग सरासरी ७५, ८७.५ असा चढत सहाव्या पश्चसंकराला ९९ च्या वर जातो. हरियाणातली एचएचबी ६७ ही लवकर येणारी बाजरी केवडा रोगाला बळी पडू लागली. तिच्या जनकांत रोगप्रतिकारक जनुकं पश्चसंकरानेच आणली, आणि कोणत्या रोपात ती उतरली हे डीएनए चिन्हकांवरून (जनुकाजवळच्या ओळखखुणांवरून) तपासलं. सुधारलेला वाण २००५ साली आला. आपल्याकडे या रोगाला 'गोसावी'ही म्हणतात, कारण कणसाच्या जागी हिरव्या पानांच्या जटा येतात. लेखात दोन्ही नावं द्या.

अमळनेर :
मग पिशवीवरचं काय लिहावं? तिथेही 'सुधारित'च छापलेलं असतं.

चोपडा :
टॅगचा रंग सांगा. पैदासकार बियाणे पिवळा, पायाभूत पांढरा, प्रमाणित निळा, सत्यदर्शक (प्रमाणित न केलेलं, उत्पादकाच्याच हमीचं) हिरवा. रंग बियाण्याचा दर्जा सांगतो, संकरित की सरळ ते नाही. त्यासाठी टॅगवरचं वाणाचं नाव वाचावं लागतं : नावात 'एच' असेल तर बहुधा संकरित, पण खात्री विक्रेत्याकडून नव्हे, कृषी विद्यापीठाच्या शिफारशीवरून करावी.