स्टार्ट-स्टॉपच्या गाडीची बॅटरी चौदा महिन्यांत बसली; ईएफबी घ्यावी की एजीएम?

नमस्कार. मी अमळनेरला राहतो. माझ्याकडे २०१९ सालची डिझेल गाडी आहे. सिग्नलला किंवा रेल्वे फाटकाशी उभी राहिली की तिचे इंजिन आपोआप बंद होते आणि क्लच दाबताच पुन्हा सुरू होते. गाडीसोबत आलेली बॅटरी साडेचार वर्षे विनातक्रार चालली. ती बदलताना मात्र मी साधी बॅटरी बसवून घेतली, कारण ‘ही सोय बटण दाबून बंदच ठेवा, मग महागाची बॅटरी कशाला हवी’ हे दुकानदाराचे म्हणणे मला पटले होते. हे बटण दर वेळी गाडी सुरू केल्यावर नव्याने दाबावे लागते आणि मी ते नेमाने दाबत आलो. तरीही चौदा महिन्यांतच त्या बॅटरीने मान टाकली.

सकाळी सेल्फ जड फिरतो हे हिवाळ्यापासूनच जाणवत होते. गेल्या आठवड्यात मुलाकडे सुरतेला रेल्वेने जाऊन चार दिवसांनी परतलो, तेव्हा किल्ली फिरवताच नुसती टकटक ऐकू आली. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे ख्रिसमसच्या झाडासारखे लुकलुकले आणि घड्याळ बाराला जाऊन बसले. शेजाऱ्यांच्या पिकअपवरून जंपर केबल लावून गाडी सुरू केली.

भाचा वायरमन आहे. त्याच्या मल्टिमीटरवर सकाळी, म्हणजे गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, बॅटरी १२.१८ व्होल्ट दाखवत होती. सेल्फ मारताना ती ९.१ पर्यंत खाली आली आणि इंजिन सुरू झाल्यावर १४.५ दिसले. कोड्यात टाकणारी गोष्ट पुढे आहे. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावलेल्या मोबाइल चार्जरवर व्होल्ट दिसतात. धुळ्याच्या रस्त्याने एका वेगात जाताना तिथे बराच वेळ १२.८ ते १३ एवढाच आकडा राहतो आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की तो १४.८ वर चढतो. हे ऐकून येथील मेकॅनिकने अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारे यंत्र, गेल्याचे सांगितले असून त्याचा खर्च बॅटरीपेक्षा कितीतरी अधिक आहे.

गाडीसोबत आलेल्या बॅटरीचा फोटो सुदैवाने मोबाइलमध्ये सापडला. तिच्या लेबलवर ईएफबी (स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांसाठी मजबूत केलेली बॅटरी) असे स्पष्ट छापलेले आहे. एक दुकानदार तीच घ्या म्हणतो, तर दुसरा तिच्या जवळजवळ दीडपट किमतीची, वरच्या जातीची एजीएम घ्या, ती सर्वांत चांगली, असा आग्रह धरतो. माझा वापर बहुतेक बाजार समिती आणि शाळा एवढाच, तीन-चार किलोमीटरचा आहे. गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी असते आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांना टेकतो, हेही लक्षात घ्यावे. वरून जोडलेल्या गोष्टींत फक्त एक डॅशकॅम आहे. तो दिवाळीत बसवला असून गाडी उभी असतानाही चित्रण करतो. अल्टरनेटर बदलावा का आणि बॅटरी कोणती घ्यावी, याबाबत अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद, धुळ्याहून

अल्टरनेटरला हात लावू नका. आपण दिलेले आकडेच तो ठणठणीत असल्याचे सांगतात. अशा गाड्यांत अल्टरनेटर सतत एकाच दाबाने चार्ज करत नाही. एका वेगात जाताना इंजिनावरचा भार कमी करण्यासाठी तो जवळजवळ विसावतो आणि आपण पाय काढला किंवा ब्रेक मारला की वाया जाणाऱ्या वेगातून बॅटरी भरून घेतो. ही येणारी वीज सामावून घेता यावी म्हणून बॅटरी मुद्दामच काठोकाठ भरली जात नाही.

आपल्याला साधी बॅटरी देणाऱ्या दुकानदाराची चूक इथेच झाली. बटण दाबल्याने फाटकाशी इंजिन बंद होणे थांबते, चार्जिंगची ही पद्धत थांबत नाही. साधी बॅटरी सतत अर्धवट भरलेली राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि ती लवकर बसते. ईएफबीच्या प्लेटा हे सहन करतील अशा बनवलेल्या असतात, म्हणून बटण वापरा अथवा वापरू नका, बॅटरी त्याच जातीची हवी.

एजीएमबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. जिथे कंपनीनेच एजीएम दिली आहे तिथे एजीएमच घालावी, खाली उतरू नये. पण आपली बॅटरी इंजिनाशेजारी बसते. एजीएममध्ये ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेले असते, ते मोकळे नसते, त्यामुळे उष्णता तिला अधिक बाधते. म्हणूनच अनेक गाड्यांत ती डिकीत किंवा सीटखाली ठेवलेली दिसते. आपल्या भागातील उन्हाळा पाहता मी ईएफबीच घेईन.

आता माझी खरी शंका डॅशकॅमवर आहे. त्याची काळी तार कुठे जोडली आहे ते बॉनेट उघडून पाहा. निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा चौकोनी सेन्सर असतो. आत गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या विजेचा हिशेब तो ठेवतो. काळी तार थेट टर्मिनलवर जोडली असेल तर डॅशकॅमने खाल्लेली वीज त्याच्या वहीत चढतच नाही आणि गाडी बॅटरी भरलेली आहे अशा समजात राहते. भाच्याला निगेटिव्हची केबल काढून मध्ये मीटर लावायला सांगा. मीटर दहा अँपिअरच्या जागी असावा, गाडी लॉक करून अर्धा तास थांबावे आणि मीटर लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नये. स्मार्ट किल्ली असल्यास ती घरात लांब ठेवा, नाहीतर गाडी जागीच राहते. ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा आला तर ठीक.

मूळ प्रश्नकर्ता

आपण बोट ठेवलेत तिथेच दुखणे निघाले. काळी तार थेट टर्मिनलच्या बोल्टखाली दाबलेली होती. मीटरवर ३१० मिलिअँपिअर दिसले आणि डॅशकॅमचा फ्यूज काढताच आकडा ३५ वर आला. भाच्याने तिथेच हिशेब मांडला: दिवसाला साधारण साडेसात अँपिअर-तास, म्हणजे सुरतेच्या चार दिवसांत तीस. बॅटरी ६५ अँपिअर-तासांची, तीही आधीच अर्धवट भरलेली. आणखी एक गोष्ट डिकीत सापडली. कंपनीच्या बॅटरीभोवती जाड कापडी आवरण होते, ते बसवणाऱ्याने काढून स्टेपनीपाशी कोंबले होते. ते पुन्हा घालावे का?

प्रतिसाद, जळगावहून

भाऊ, ते आवरण अवश्य घाला. इंजिनाची धग बॅटरीपर्यंत पोहोचू नये यासाठीच ते असते. तापमान दहा अंशांनी वाढले की आतली झीज साधारण दुपटीने होते असे धरतात. आपल्याकडे बॅटरी थंडीत त्रास देत असली तरी ती खराब उन्हाळ्यातच झालेली असते.

बसवताना आधी निगेटिव्ह काढावे, मग पॉझिटिव्ह. जोडताना याच्या उलट. सेन्सरला पकडून क्लॅम्प ओढू नये, तो नाजूक असतो. बॅटरी घेताना तिच्यावर ठोकलेली उत्पादनाची तारीख वाचून घ्या, कारण दुकानात सहा-आठ महिने पडून राहिलेली बॅटरी नवी म्हणून घेण्यात अर्थ नाही. काही गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावी लागते, काहींमध्ये गाडी रात्रभर लॉक करून ठेवली की सेन्सर स्वतःच जुळवून घेतो. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत ते दिलेले असेल.

तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांनी बॅटरी कधीच पुरती भरणार नाही, म्हणून महिन्यातून एकदा रात्रभर चार्जर लावा. त्याची काळी चिमटी टर्मिनलवर न लावता इंजिनाच्या किंवा बॉडीच्या उघड्या धातूवर लावायची, म्हणजे भरलेली वीज सेन्सरच्या हिशेबात येते. जंपर केबललाही हाच नियम.

मूळ प्रश्नकर्ता

काल ईएफबी बसवली. सकाळी १२.६८ व्होल्ट होते आणि सेल्फ मारताना आकडा १०.६ च्या खाली गेला नाही. पुस्तिकेत रात्रभर लॉक ठेवण्याचीच सूचना निघाली, स्कॅनर लागला नाही. आवरण चढवले. डॅशकॅमची काळी तार बॉडीच्या बोल्टला नेली असून तो आता गाडीबरोबरच बंद होतो. आज फाटकाशी मालगाडी जाईपर्यंत बटण न दाबता थांबलो. सुरुवातीला इंजिन बंद झाले, मात्र एसी चालू असल्याने दीड-दोन मिनिटांत ते आपणहून सुरू झाले. हा बॅटरीचा दोष नसून थंडाव्यासाठी केलेली व्यवस्था आहे, एवढे मात्र पुस्तिका वाचता वाचता कळले.