मदत हवी आहे: ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २८४०, स्वादुपिंडाला सूज. घरी आणलंय, आता पुढे काय?

नमस्कार, इंदूरहून लिहितेय. लांबलंय, पण कृपया शेवटपर्यंत वाचा.

यजमान ४३ वर्षांचे. दारूला आयुष्यात हात लावलेला नाही. रंगपंचमीला गेर (आमच्याकडची रंगांची मिरवणूक) बघून आले, दुपारी घरी श्रीखंड-पुरी झाली आणि रात्री दीडला पोटात दुखायला लागलं. बेंबीच्या वर, तिथून थेट पाठीत. आडवं झालं की वाढायचं, उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसले की जरा कमी. चार उलट्या झाल्या. जवळच्या दवाखान्यात ॲसिडिटी म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. पहाटे घामाने थबथबले, नाडी धावायला लागली, तेव्हा मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथे रक्त घेतलं. थोड्या वेळाने लॅबमधली मुलगी नळी घेऊन बाहेर आली, म्हणाली, "ताई, हे बघा." खाली लाल आणि वर पांढरं, अगदी म्हशीच्या दुधासारखं. तिने नळी तिरपी केली तर ओघळ काचेला धरून राहिला. इतके दिवस झाले, ते डोळ्यांसमोरून जात नाही.

ट्रायग्लिसराइड २८४०. साखर ३८६, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी) १०.८. मधुमेह आहे हे आम्हाला त्याच दिवशी कळलं. सोनोग्राफीत पित्ताचे खडे नाहीत. स्वादुपिंडाच्या पाचक एन्झाइमांपैकी अमायलेज नॉर्मल, लायपेज मात्र खूप वाढलेलं, आणि सीटीत स्वादुपिंडाला सूज. पहिले दोन दिवस तोंडाने काही नाही, फक्त सलाइन, सोबत इन्सुलिनची ड्रिप आणि तासातासाला बोटाला सुई. सातव्या दिवशी घरी सोडलं तेव्हा ट्रायग्लिसराइडचा आकडा ४१० होता. फेनोफायब्रेट (ट्रायग्लिसराइड उतरवायची गोळी) आणि इन्सुलिन चालू आहे.

आयसीयूबाहेर तीन वेगवेगळ्या माणसांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांगा, किती घेतात?" त्यात आमचे चुलत सासरेही होते. मला याचं फार लागलंय.

आता विचारायचं ते. एक तर अमायलेज नॉर्मल कसं? निदान चुकलं तर नाही ना? मी घरातलं तूप पूर्ण बंद केलंय, त्यांना दिवसातून दोनदा मोसंबीचा रस, साबुदाण्याची खीर आणि टोस्ट देतेय. बरोबर आहे का? थंडीत त्यांच्या कोपरांवर आणि पाठीवर राळ्याच्या दाण्याएवढ्या पिवळट पुळ्या आल्या होत्या, आम्ही घामोळं समजून पावडर लावली. त्याचा याच्याशी काही संबंध? आणि मुलगा १६ वर्षांचा आहे, त्याचं काय?

– मालव्यातली


काचनळी:
ताई, मी वडोदऱ्यात लॅबमध्ये १९ वर्षं काम करतोय. असं दुधाळ रक्त आलं की आम्ही आधी डॉक्टरांना फोन करतो, मग रिपोर्ट छापतो.

अमायलेजची काळजी नको. रक्तात इतकी चरबी असली की त्या तपासणीत अडथळा येतो आणि आकडा खोटाच कमी दिसतो. लायपेजवर जास्त भरवसा ठेवतात. ठरावीक जागी दुखणं, नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून वाढलेलं एन्झाइम आणि स्कॅनमधली सूज, या तिघांतल्या दोन गोष्टी जुळल्या की निदान पक्कं धरतात. तुमच्याकडे तिन्ही आहेत.

दारूबद्दल विचारतात कारण या दुखण्याची सर्वात नेहमीची दोन कारणं पित्ताचे खडे आणि दारू. प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, पण विचारण्याची रीत असते, ती तुमच्या वाट्याला आली नाही याचं वाईट वाटलं. चढलेलं ट्रायग्लिसराइड हे त्यानंतरचं ओळखीचं कारण. १५० च्या आत नॉर्मल, ५०० च्या वर फार जास्त, आणि १००० ओलांडलं की स्वादुपिंडाचा धोका खराखुरा वाढतो. स्वादुपिंडाचा स्वतःचाच लायपेज ही चरबी तिथल्या तिथे फोडतो, त्यातून सुटणारी आम्लं त्या ग्रंथीलाच भाजून काढतात. चुलत सासऱ्यांना एवढं वाचून दाखवा.


शरयू:
मी आहारतज्ज्ञ. वहिनी, रागावू नका, पण रस आणि खीर आजपासून बंद करा.

ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. चरबी वाढली म्हणजे तूप खाल्लं, एवढंच डोक्यात बसतं. पण जास्तीची साखर आणि पिठूळ पदार्थ यांचंच यकृत ट्रायग्लिसराइड बनवून रक्तात सोडतं. शिवाय चरबी रक्तातून उपसायला लागणारं एन्झाइम इन्सुलिनच्या जोरावर चालतं. यजमानांचं इन्सुलिन अपुरं पडत होतं, म्हणजे एका बाजूने आवक वाढलेली आणि दुसऱ्या बाजूने उपसा बंद. हॉस्पिटलात इन्सुलिनची ड्रिप लावली तीही म्हणूनच. मोसंबीचा रस म्हणजे तीन-चार फळांची साखर चोथ्याशिवाय. त्यापेक्षा एक मोसंबी सोलून खाऊ द्या.

सध्या वरणभात, ज्वारीची भाकरी, दुधी, दोडका, सायीशिवाय दुधाचं दही, मूग. दिवसभराची सगळी चरबी २५-३० ग्रॅमच्या आत ठेवण्याचा प्रयत्न करा, त्यात दूध-दाण्यांतली लपलेलीही आली. म्हणजे फोडणीला दिवसाला दोन-तीन छोटे चमचे तेल, मोजून. पुढचा रिपोर्ट बघून तुमचे डॉक्टर थोडी सूट देतील. साखरेची औषधं चालू आहेत, तेव्हा जेवणाच्या वेळा चुकवू नका.

इंदूरकरांना पोह्यांशिवाय सकाळ होत नाही, ठाऊक आहे. तुमच्याकडचे वाफवलेले पोहे एका वाटीपुरते चालतील. निम्मे पोहे, निम्मी मोड आलेली मटकी, वर कांदा, लिंबू आणि जीरावण मसाला. सेव आणि जलेबी नाही. गराडू कंदही पुढच्या थंडीत तळून नको, उकडून.


दुसऱ्यांदा:
दादांना माझ्याकडून सांगा. मला २०१६ मध्ये झालं, मग २०१९ मध्ये परत. पहिल्यांदा आकडा १८० वर आला तेव्हा मी स्वतःच गोळ्या बंद केल्या, म्हटलं आता झालो बरा. आकडा गोळ्यांमुळे खाली होता. दुसऱ्या वेळी स्वादुपिंडाचा एक भाग निकामी झाला, मी ३४ दिवस आत होतो. बायकोने तेव्हा विकलेल्या बांगड्या अजून परत करता आलेल्या नाहीत.

तपासणीचे दिवस कॅलेंडरवर लिहा. तसंच दुखणं पुन्हा उठलं किंवा उलट्या लागल्या तर घरी वेदनाशामक घेऊन सकाळची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल. "मला याआधी पँक्रियाटायटिस झालाय, ट्रायग्लिसराइडमुळे" (म्हणजे स्वादुपिंडाला सूज) हे दारातच सांगायचं. मी कागदावर लिहून पाकिटात ठेवलंय. दारू नव्हतीच तर उत्तम, पण आता लग्नकार्यातल्या आग्रहाचाही घोट नाही.


काचनळी:
त्या पुळ्या राहिल्याच. त्यांना झँथोमा म्हणतात, चरबी कातडीत साठून येतात. आकडा खाली राहिला की काही आठवड्यांत, काही महिन्यांत आपोआप जातात. डॉक्टरांना नक्की दाखवा.

मुलाची उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करा, यजमानांच्या सख्ख्या भावंडांचीही. काही घरांत हे रक्तातूनच येतं. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर विचारा, तेही एक कारण असतं. आणि कुणी जवसाची पूड सुचवेल, ती गोळीच्या जागी धरू नका.


मालव्यातली:
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय. त्याच दिवशी रस बंद केला.

काल रिपोर्ट आला, १९६. थायरॉइड ठीक आहे. मुलाचं ११२. धाकट्या दिरांचं मात्र ६४० निघालं, त्यांना काहीच त्रास नव्हता. ते आता डॉक्टरांकडे जातायत. सासूबाई म्हणाल्या, मामंजी १९९८ मध्ये असंच पोट धरून, पुढे वाकून बसायचे, दोन दिवसांत गेले. तेव्हा कुणी रक्त तपासलं नव्हतं. त्या आज दिवसभर गप्प आहेत.

कोपरांवरच्या पुळ्या बसायला लागल्यात. मी रोज सकाळी अंगठा फिरवून बघते.

चुलत सासऱ्यांना मी नाही, यजमानांनीच वाचून दाखवलं. संध्याकाळी ते आले आणि ओट्यापाशी उभे राहून म्हणाले, "सूनबाई, चुकलं माझं."

दुसऱ्यांदा दादा, कागद लिहून यांच्या पाकिटात ठेवलाय. शरयूताई, एक विचारायचं राहिलं: भोपळ्याच्या थालीपिठाला नॉनस्टिक तव्यावर अर्धा चमचा तेल लावते, ते तीन चमच्यांतच धरायचं ना?